थॉमस अ‍ॅफ्लेक: शेतीलेखक म्हणून व्याख्यानात घ्यावा का?

जुनी_कीर्द (सोमवार, सकाळी)

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयात यंदा 'शेतीवर लिहिणारी माणसं' अशी व्याख्यानमाला ठरली आहे. त्यातलं एक व्याख्यान माझ्याकडे आलंय. माझी नोकरी लेखापरीक्षणातली, त्यामुळे शेतीच्या हिशेबावर लिहिणारं कुणी घ्यावं असं मनात होतं. शोधता शोधता थॉमस अ‍ॅफ्लेकपाशी पोहोचले आणि तिथेच अडकून पडले आहे. म्हणून हा धागा.

आधी माणूस कोण ते सांगते. जन्म १८१२ चा, स्कॉटलंडमधल्या डम्फ्रीस गावचा. वडिलांच्या हाताखाली शेती शिकला, काही काळ बँकेत कारकुनी केली. १८३२ मध्ये, म्हणजे ऐन विशीत, अमेरिकेला गेला. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, इंडियाना असं फिरत १८४० मध्ये सिनसिनाटीच्या 'वेस्टर्न फार्मर अँड गार्डनर' या शेतकी मासिकाचा सहसंपादक झाला. मधमाशीपालनावर त्याची पुस्तिकाही आली. मासिकासाठी दक्षिणेत माहिती गोळा करायला गेला असताना मिसिसिपीतल्या नॅचेझजवळच्या वॉशिंग्टन गावी अ‍ॅना डनबार स्मिथ या विधवेशी ओळख झाली, १८४२ मध्ये लग्न झालं आणि तिचे कर्जाचा बोजा असलेले कापसाचे मळे त्याच्या देखरेखीखाली आले. तिथे त्याने दक्षिणेतल्या पहिल्या काही व्यापारी रोपवाटिकांपैकी एक काढली, शेतीचं पंचांग काढलं, न्यू ऑर्लीन्सच्या 'पिकायून' दैनिकात शेतीचं सदर लिहिलं. नुसता कापूस लावू नका, गवत लावा, चवळी लावा, फळझाडं लावा, उताराला आडवी नांगरट करा, माती वाहू देऊ नका, हे तो वर्षानुवर्षं लिहीत राहिला.

इथवर सगळं छान आहे. आता त्याचं सगळ्यात खपलेलं काम. १८४७ च्या सुमारास त्याने मळ्यासाठी छापील हिशेबवही काढली. कापसाच्या मळ्याची वेगळी, उसाच्या मळ्याची वेगळी. त्यातही ४० हातांपर्यंत, ८० हातांपर्यंत आणि १२० हातांची अशा आकारांत. 'हात' म्हणजे गुलाम. मी या वहीची छायाचित्रं पाहिली. एका तक्त्यात डावीकडे माणसाचं नाव, पुढे सोमवार ते शनिवार असे रकाने, प्रत्येकात त्या दिवशी वेचलेल्या कापसाचं वजन, शेवटी आठवड्याची बेरीज. दुसऱ्या तक्त्यात अवजारं आणि जनावरं. आणखी एकात कुणाला किती कापड, जोडे, घोंगडी दिली. जन्ममृत्यूचा तक्ता वेगळा. आणि एक वार्षिक तक्ता: प्रत्येक गुलामाचं नाव, वय, वर्षाच्या सुरुवातीची किंमत, वर्षाअखेरची किंमत. मूल वाढलं की किंमत वाढली, माणूस थकला की घटली. ती वाढ-घट वर्षाच्या ताळेबंदात जाते. माणसांत आणि जमिनीत गुंतलेल्या भांडवलावरचं व्याजही खर्चात धरलेलं.

व्यवसायाच्या दृष्टीनं पाहिलं तर मांडणी चोख आहे. इतक्या सोप्या, कुणालाही भरता येतील अशा तक्त्यांची मी आयुष्यभर वाट पाहिली. म्हणूनच रात्री झोप लागली नाही.

प्रश्न सरळ आहे. याला मालिकेत घ्यावं का? आणि घेतला तर कुठल्या नात्यानं?

टिकली (सोमवार, सकाळी)

नावही ऐकलं नव्हतं. वाचतेय. एक शंका: मळे बायकोचे, मग वहीवर नाव याचं कसं?

चहाटळ (सोमवार, दुपारी)

कीर्दताई, व्याख्यानानंतर बटाटेवडे असतील तर आम्ही ठाण्याहून गाडी करून येतो. विषय जड आहे, पोटात काहीतरी हवं.

नीरा_उजवा (सोमवार, दुपारी)

घ्यावं. नक्की घ्यावं. मी ऊसवाला माणूस. माझ्या मते आजच्या नजरेनं त्या काळाला जोखण्याची सवय आपण सोडावी. गुलामगिरी तेव्हा तिथल्या कायद्यात होती. १८६० च्या जनगणनेत अमेरिकेत चाळीस लाखांच्या घरात गुलाम होते. म्हणजे अख्खी व्यवस्थाच ती. त्यात जन्मलेल्या माणसानं काय करायचं होतं? त्याची माती वाचवण्याची शिकवण, मिश्रपिकं, आडवी नांगरट, हे आजही खरं आहे. तेवढं घ्या, बाकीचं सोडून द्या. शेतकऱ्यानं हिशेब ठेवावा हे आपल्या लोकांना अजून समजावून सांगावं लागतं.

मोडीवाचक (सोमवार, संध्याकाळी)

नीरादादा, 'त्या व्यवस्थेत जन्मलेला' हे अ‍ॅफ्लेकला लागू होत नाही. तो त्या व्यवस्थेत जन्मला नव्हता, विशी ओलांडताना तिच्यात चालत गेला. १८३२ मध्ये त्यानं स्कॉटलंड सोडलं आणि १८३३ मध्ये ब्रिटिश संसदेनं आपल्या वसाहतींतली गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला. त्याच्या तरुणपणी ब्रिटनमध्ये याच प्रश्नावर सभा, अर्ज, पत्रकं यांचं रान उठलेलं होतं. पुढे १८४६ मध्ये, म्हणजे याची वही छापून येण्याच्या सुमारास, गुलामीतून पळून आलेला फ्रेडरिक डग्लस स्कॉटलंडच्या गावोगावी भाषणं देत होता. दक्षिणेतल्या मळेवाल्यांकडून तिथल्या फ्री चर्चनं घेतलेली देणगी परत करा, म्हणून मोठी चळवळ त्यानं चालवली. अ‍ॅफ्लेकच्याच मायदेशातली ही गोष्ट. तेव्हा त्या काळाचे दोन्ही आवाज त्याच्या कानावर होते, त्यानं एक निवडला.

आणि आपल्याकडचं सांगायचं तर जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. पुण्यात बसलेल्या माणसाला जे दिसलं ते नॅचेझमध्ये राहणाऱ्याला दिसत नव्हतं असं म्हणणं मला पटत नाही.

@टिकली, प्रश्न मार्मिक आहे. मिसिसिपीनं १८३९ मध्ये विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा केला, अमेरिकेतला अशा प्रकारचा पहिला धरला जातो. त्यातली बरीचशी कलमं स्त्रीच्या नावावरच्या गुलामांबद्दल आहेत. नवऱ्याच्या कर्जापायी सावकारानं बायकोचे गुलाम उचलून नेऊ नयेत म्हणून. मात्र त्यांच्या कामावरचा ताबा आणि उत्पन्न नवऱ्याकडेच राहिलं. स्त्रियांचा हक्क म्हणून आपण जो कायदा कौतुकानं सांगतो, त्याच्या पोटात हे आहे.

टिकली (सोमवार, रात्री)

बाप रे. हे माहीत नव्हतं. धन्यवाद मोडीवाचक.

पऱ्हाटी (सोमवार, रात्री)

मी यवतमाळकडचा, कापूसवाला. वेचणीच्या तक्त्याबद्दल लिहितो, कारण तो तक्ता माझ्या घरीही आहे, वहीच्या मागच्या पानावर आखलेला. नाव, वार, किलो.

आमच्याकडे वेचणी किलोवर. बाया कमरेला ओटी बांधतात, दोन ओळी धरून निघतात. उकललेलं बोंड पाचही बोटांनी एका झटक्यात ओढायचं, पत्ती काडी येऊ द्यायची नाही. बोंडाच्या टरफलाला टोकं असतात, ती नखाच्या कडेला घुसतात. दिवाळीनंतर बायांची बोटं पाहा, कातडी सोललेली असते, कोणी चिंधी गुंडाळते, कोणी चिकटपट्टी लावते. सकाळी दव असलं की कापूस जड भरतो, म्हणून मालक म्हणतो उन्हं वर येऊ द्या. संध्याकाळी काट्याभोवती सगळ्या जमतात आणि प्रत्येकीचे डोळे काट्यावर. चांगला हात असलेली बाई चाळीस-पन्नास किलो वेचते, तिचं गावात नाव होतं.

आता सॉलोमन नॉर्थपचं आत्मकथन घ्या. न्यूयॉर्क राज्यातला हा स्वतंत्र माणूस १८४१ मध्ये पळवून विकला गेला, लुइझियानाच्या कापूस मळ्यांवर राबला आणि १८५३ मध्ये सुटला. तो सांगतो की दिवसाला दोनशे पौंड हे साधारण काम धरलेलं होतं. म्हणजे नव्वद किलो. रात्री टोपली काट्यावर ठेवायला जाताना प्रत्येकाच्या पोटात गोळा. कमी भरलं तर फटके. आणि जास्त भरलं तर उद्यापासून तेवढंच भरलं पाहिजे, म्हणून जास्तीचंही भय.

त्यांचं वाण आमच्या जुन्या गावरानीपेक्षा वेचायला सोपं होतं हे खरं. मेक्सिकोच्या बियाण्यातून मिसिसिपीत निघालेल्या 'पेटिट गल्फ'चं बोंड मोठं, चांगलं उकलणारं. पण नव्वद किलो नुसत्या बियाण्यानं होत नाहीत. माझ्या वहीतला आकडा बाईला पैसे द्यायला आहे. कमी वेचलं तर ती कमी पैसे घेऊन घरी जाते, आणि पटलं नाही तर उद्या दुसऱ्याच्या वावरात. मजुरी कमी आहे, मी स्वतः मान्य करतो. पण अ‍ॅफ्लेकच्या तक्त्यात पैशाचा रकानाच नाही. मग तो आकडा कशासाठी ठेवला? दुसऱ्या दिवशी त्याच माणसाकडून किती काढायचं ते ठरवायला.

जुनी_कीर्द (मंगळवार, सकाळी)

पऱ्हाटीदादा, हा प्रतिसाद मी छापून घेतला आहे. 'पैशाचा रकानाच नाही' हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, इतके तक्ते पाहूनही त्या बाजूनं पाहिलं नव्हतं.

डॉ_शेवंती (मंगळवार, सकाळी)

मी बालरोगतज्ज्ञ आहे. अ‍ॅफ्लेकनं १८५० च्या सुमारास मळ्यांवरच्या आरोग्याबद्दल वैद्यकीय वार्षिकात लेख लिहिला होता. त्यात गुलामांच्या घरी जन्मलेली निम्मी मुलं वर्षाच्या आत दगावतात असं तो स्वतः नोंदवतो. नाळेची नीट काळजी न घेतल्यानं होणारा धनुर्वात हे एक मोठं कारण. स्वच्छता, घरं जमिनीपासून वर बांधणं, चुना लावणं, पाणी चांगलं असणं असे त्याचे सल्ले आहेत. सल्ले वाईट नाहीत.

पण त्या लेखात दोष बहुतेक वेळा आयांवर आणि म्हाताऱ्या दायांवर येतो, त्यांच्या अज्ञानावर. गरोदर बाई वेचणीच्या हंगामात शेवटच्या दिवसापर्यंत वावरात, बाळंत झाल्यावर काही आठवड्यांत परत वावरात, तान्हं मूल एखाद्या म्हातारीकडे बाकीच्या वीस पोरांत. अंगावर पाजायला दिवसातून ठरावीक वेळाच यायचं. यात मूल वाचतं कसं? मी मेळघाटात काम केलं आहे. कुपोषित आईच्या पोटी कमी वजनाचं मूल आणि तिला विश्रांती नाही, हे गणित कुठल्याही चुन्यानं सुटत नाही. ज्याच्या हातात विश्रांती देणं होतं त्यानं स्वच्छतेवर लेख लिहिला.

नीरा_उजवा (मंगळवार, दुपारी)

मोडीवाचकांचा मुद्दा मान्य, तो बाहेरून आलेला होता हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तरीही माझं म्हणणं पूर्ण सोडत नाही. डॉक्टर, तुम्हीच सांगता सल्ले वाईट नव्हते. मग ज्या मळेवाल्यानं ते वाचून घराला चुना लावला, तिथं चार पोरं जास्त जगली असतील ना? शेजारच्या मळ्यात चाबूक आणि चिखल दोन्ही असताना, निदान चिखल तरी कमी करणारा माणूस सुधारकच नाही का म्हणायचा?

डॉ_शेवंती (मंगळवार, दुपारी)

जगली असतील. त्या पोरांसाठी मला आनंदच आहे. पण जगल्यावर त्यांचं नाव कुठल्या तक्त्यात गेलं ते कीर्दताईंनी वर लिहिलंच आहे.

मोडीवाचक (मंगळवार, संध्याकाळी)

याच मुद्द्यावर थोडं विस्तारानं.

अमेरिकेनं १८०८ पासून परदेशातून गुलाम आणण्यावर बंदी घातली. कापसाचा पट्टा तर पश्चिमेला पसरतच होता. व्हिटनीच्या जिननं (१७९३) सरकी काढणं सोपं झालं, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना जितका कापूस मिळेल तितका हवा होता. मग माणसं येणार कुठून? व्हर्जिनिया-मेरीलँडमधून विकून, बेड्या घालून चालवत नाहीतर जहाजानं खाली आणायची. नॅचेझच्या वेशीवर 'फोर्क्स ऑफ द रोड' हा दक्षिणेतल्या सर्वांत मोठ्या गुलाम-बाजारांपैकी एक होता, अ‍ॅफ्लेकच्या घरापासून काही मैलांवर. आणि दुसरा मार्ग, मळ्यावर जन्मणारी मुलं.

त्याच्या वहीच्या शेवटी मुकादमाची कर्तव्यं सांगणारा मजकूर आहे. चांगलं पीक कशाला म्हणावं हे तो तिथं क्रमानं सांगतो. पहिलं, गुलामांच्या संख्येत वाढ आणि त्यांच्या प्रकृतीत, किमतीत सुधारणा. दुसरं, माणसाजनावरांना पुरेल इतकं धान्य. मग जनावरं, अवजारं, जमीन यांची सुधारणा. आणि हे सगळं सांभाळून जितका जास्तीत जास्त कापूस निघेल तितका. कापूस शेवटी! मुकादमाची लायकी गठाणींवर जोखू नका असं तो मालकांना बजावतो.

सुधारक म्हणायचं ते यामुळेच. पण हे औदार्य नव्हतं. नुसत्या गठाणींच्या मागे लागलेला मुकादम मालकाचं भांडवल झिजवतो, एवढाच त्याचा मुद्दा. कॅटलिन रोझेन्थल या अभ्यासिकेनं २०१८ मध्ये या वह्यांवर मोठं काम प्रसिद्ध केलं. भांडवली मालमत्तेचा घसारा (दरसाल घटणारी किंमत) काढण्याची पद्धत अमेरिकी उद्योगांत रुळण्याच्या कित्येक दशकं आधी मळेवाले माणसांची वाढ-घट पद्धतशीर मांडत होते, हे त्यांनी दाखवलं. आपण समजतो की गुलामगिरी ही मागासलेली, बेहिशेबी गोष्ट होती. ती हिशेबात फार पुढे होती.

जुनी_कीर्द (मंगळवार, रात्री)

हेच मला खुपतंय. मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आले की हिशेब चोख ठेवा, चोख हिशेबानं अन्याय उघडा पडतो. अनेकदा पडतोही. मजुरांच्या हजेरीपटावरचे खोटे अंगठे हिशेबानंच सापडतात, मी सापडवलेले आहेत. पण इथे हिशेब चोख आहे, खोटा अंगठा एकही नाही, आणि पानावरची प्रत्येक बेरीज बरोबर असताना ते पान अन्यायाचं आहे. तपासनीस म्हणून मला त्यात खोट काढता आली नसती.

कुंपणवेल (बुधवार, सकाळी)

थोडं अवांतर, झाडांबद्दल. मला बागकामाच्या वाटेनं हा माणूस माहीत आहे. दक्षिणेतल्या जुन्या गुलाबांवर वाचताना त्याच्या रोपवाटिकेचं नाव येतंच. गुलाब, नाशपाती, पीच, शोभेची झाडं. उत्तरेकडची वाणं उष्ण दमट हवेत टिकत नाहीत, स्वतः लावून पाहून टिकतील तीच विका, हा त्याचा आग्रह होता आणि तो रास्त होता.

लाकडी कुंपणाऐवजी जिवंत कुंपण लावा असा त्याचा प्रचार. त्यासाठी चेरोकी आणि मॅकार्टनी हे गुलाब तो सुचवायचा. मॅकार्टनी काटेरी, सदाहरित, गुरं आत घुसत नाहीत. पुढे हाच गुलाब टेक्ससच्या कुरणांत असा पसरला की तिथल्या पशुपालकांना तो उपटता उपटता नाकी नऊ येतात. आपल्याकडच्या घाणेरीचं (टणटणी म्हणा) तेच झालं. बागेत शोभेला आणली आणि आता सह्याद्रीच्या उतारांवर तिच्यातून वाट काढावी लागते.

पऱ्हाटी (बुधवार, सकाळी)

आमच्याकडे धुऱ्याला घायपात असायचा. तो मात्र कधी वावरात शिरला नाही, गुणी झाड.

धारवाडकर_अक्का (बुधवार, दुपारी)

नमस्कार. माहेर धारवाड, सासर सांगली. कापसाचा विषय निघालाच आहे तर आमच्या भागाचं सांगते, कारण मिसिसिपीचे मळेवाले आमच्याकडे येऊन गेलेत.

१८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं कॅप्टन बेल्स या अधिकाऱ्याला अमेरिकेत पाठवून दक्षिणेतले दहा मळेवाले पगारावर आणवले. हिंदुस्थानातल्या रयतेला अमेरिकी पद्धतीनं कापूस पिकवायला शिकवावं म्हणून. काही उत्तरेत, काही मद्रास इलाख्यात, काही मुंबई इलाख्यात. त्यातला मर्सर नावाचा गृहस्थ धारवाडला होता. काही वर्षांत बहुतेक ठिकाणी प्रयोग फसले. मर्सरनं सरकारला स्पष्ट कळवलं की हे प्रायोगिक मळे म्हणजे फुकटचा खर्च आहे, अमेरिकी पद्धत इथे चालायची नाही, आणि इथल्या शेतकऱ्याला आपली हवा आणि आपली जमीन आमच्यापेक्षा चांगली कळते. मला या माणसाचं फार कौतुक वाटतं. शिकवायला आला आणि शिकून तसं लिहून गेला.

बियाणं मात्र आमच्याकडे टिकलं. न्यू ऑर्लीन्सच्या बियाण्यापासून 'धारवाड-अमेरिकन' कापूस झाला, हुबळी-गदगच्या बाजारात त्याचं नाव होतं. रेचे (सरकी काढायची यंत्रं) आले, ते दुरुस्त करणारे कारागीर तयार झाले. आणि इथे तो कापूस रयतेनं स्वतःच्या वावरात पिकवला.

मोडीवाचक (बुधवार, दुपारी)

अक्का, क्या बात है! याला जोडून: १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेची बंदरं रोखली गेली आणि लँकेशायर आपल्या कापसाकडे वळलं. मुंबईत पैशाचा पूर आला, वऱ्हाड-खानदेशात कापसाचे भाव चढले. १८६५ मध्ये लढाई संपली तसा मुंबईचा शेअर बाजार कोसळला, प्रेमचंद रायचंदसारखे बडे व्यापारी बुडाले. पुढे भाव उतरत गेले, सारा वाढलेला, सावकाराचं व्याज तसंच. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरंदुकानं गाठली. सुपं काही कापसाचा मुलूख नाही, पण त्या तेजीत सगळीकडे पतपुरवठा सैल झाला होता आणि नंतर आवळला गेला. त्यांनी सगळ्यात आधी काय मागितलं? कर्जरोखे आणि वह्या. आणि त्या जाळल्या. कीर्दताई, हिशेबाच्या वहीत किती ताकद असते ते त्या शेतकऱ्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

नीरा_उजवा (बुधवार, संध्याकाळी)

हा धागा कुठून कुठे चाललाय! पण मजा येतेय वाचायला. अक्कांचा मर्सर मला आवडला. एक विचारतो, यादवी संपल्यावर अ‍ॅफ्लेकचं काय झालं?

ब्राझोसकाठ (गुरुवार, पहाटे)

मी ह्यूस्टनहून. याचं उत्तर माझ्या अंगणातलं आहे म्हणून लिहितो.

१८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो मिसिसिपी सोडून टेक्ससला आला, सोबत गुलाम केलेली माणसंही. वॉशिंग्टन काउंटीत, ब्रेनहॅमजवळ, 'ग्लेनब्लाइद' नावाचा मळा त्यानं वसवला. हजारो एकर जमीन, रोपवाटिका, लाकडाची गिरणी, दुकान, मळ्यावरचं रुग्णालय. हेच ते ब्रेनहॅम, जिथे मार्च-एप्रिलमध्ये आम्ही इकडची मराठी मंडळी निळी ब्लूबॉनेट फुलं पाहायला आणि तिथल्या प्रसिद्ध आइस्क्रीमसाठी जातो. मुलांना फुलांत बसवून फोटो काढतो. या मातीचा इतिहास आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतो, आणि रस्त्यावरच्या पाट्याही मळ्याचं कौतुकच जास्त सांगतात.

१९ जून १८६५ ला गॅल्व्हेस्टनला लष्करी आदेश वाचला गेला आणि टेक्ससमधल्या गुलामांना ते मुक्त असल्याचं जाहीर झालं. तोच दिवस आता जूनटीन्थ म्हणून राष्ट्रीय सुट्टी आहे. अ‍ॅफ्लेकच्या वह्या त्या दिवशी रद्दी झाल्या. त्यानंतर त्यानं काय केलं? ज्यांनी त्याचा मळा उभा केला होता त्यांच्याशी मजुरीचा नीट व्यवहार करण्याऐवजी तो ब्रिटनला गेला, स्कॉटिश आणि इंग्रज मजूर टेक्ससला आणण्याच्या योजना घेऊन. मांस टिकवून निर्यात करण्याचा कारखानाही डोक्यात होता. काहीच धड जमलं नाही. ३० डिसेंबर १८६८ ला ग्लेनब्लाइदला वारला.

मुक्त झालेल्यांची गोष्ट मात्र पुढे चालू राहिली. १८७२ मध्ये ह्यूस्टनमधल्या मुक्त लोकांनी वर्गणी काढून दहा एकर जागा विकत घेतली, जूनटीन्थ साजरा करायला स्वतःची हक्काची जागा हवी म्हणून. तीच आजची इमॅन्सिपेशन पार्क. दर जूनला मी मुलांना तिथे नेतो.

टिकली (गुरुवार, सकाळी)

ब्राझोसकाठ, पैशाचा रकाना नसलेल्या वहीतली माणसं सात वर्षांत वर्गणी काढून दहा एकर घेतात. अंगावर काटा आला.

नीरा_उजवा (गुरुवार, सकाळी)

दोन दिवस विचार केला. माती आणि चवळीबद्दलचं त्याचं लिखाण चांगलं आहे, यावर मी ठाम आहे. पण 'तेवढं घ्या, बाकीचं सोडा' असं मी वर म्हटलं होतं, ते जमेल असं आता वाटत नाही. उताराला आडवी नांगरट करायला जास्त दिवस लागतात, कुंपण लावायला आणि फळबाग राखायलाही माणसं लागतात. ती कुणाची होती ते सांगितल्याशिवाय सल्ला पूर्ण होत नाही. माझ्या उसातही तोडणीवाल्यांच्या कोयत्याशिवाय साखर होत नाही आणि त्यांच्या उचलीची वही मुकादमाकडे असते. त्या वहीबद्दल मी शेतकरी असून कधी विचारलं नाही. यंदा विचारणार आहे.

डॉ_शेवंती (गुरुवार, दुपारी)

नीरादादा, जरूर विचारा. आणि तोडणीला आलेल्या बायांना दवाखान्याची सुट्टी किती मिळते, खाडा पडला तर किती कापतात, हेही विचारा. मला ते आकडे हवे आहेत.

चहाटळ (गुरुवार, दुपारी)

मी वडे मागे घेतो, पण व्याख्यानाला येणार. ताई, तारीख सांगा.

जुनी_कीर्द (गुरुवार, रात्री)

सगळ्यांचे मनापासून आभार. घ्यायचं ठरलं आहे, आणि असं घेणार आहे:

चरित्र पाच मिनिटांत उरकणार. मग पडद्यावर त्याचा वेचणीचा कोरा तक्ता, मोठा करून. श्रोत्यांत शेतकरी बरेच असतात, त्यांनाच विचारणार की या तक्त्यात काय नाही ते सांगा. पैशाचा रकाना नाही हे त्यांच्यापैकी कुणीतरी ओळखेल याची मला खात्री आहे. त्यानंतर 'चांगलं पीक कशाला म्हणावं' हा त्याचा क्रम, डॉक्टरांनी सांगितलेली निम्मी मुलं, आणि मग चवळी, आडवी नांगरट, मॅकार्टनी गुलाब. शेतीचा सल्ला वेचणीच्या तक्त्यानंतर येईल, आधी नाही. मर्सर आणि धारवाडला वेगळी दहा मिनिटं, अक्का, तुमच्या नावानं. सुप्याच्या वह्या आणि ह्यूस्टनचे दहा एकर प्रश्नोत्तरांच्या आधी.

मालिकेच्या पत्रकात त्याच्या नावापुढे 'शेतीलेखक' एवढंच छापणार होते. आता 'शेतीलेखक व गुलाम-मालक' असं छापायला सांगितलं आहे. वाचनालयाच्या एका सभासदांनी हरकत घेतली, पाहुण्याचा असा परिचय देतात का म्हणून. मी म्हटलं, पत्रक माझं, सही माझी.

@ब्राझोसकाठ, त्याची कागदपत्रं बॅटन रूजला लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत आहेत. तुम्हाला कधी जाणं झालं तर भरलेल्या वेचणी तक्त्याचं एखादं स्पष्ट छायाचित्र मिळेल का? मला कोऱ्या तक्त्यानंतर नावं असलेलं पान दाखवायचं आहे.

ब्राझोसकाठ (शुक्रवार, पहाटे)

बॅटन रूज गाडीनं चार-पाच तासांवर आहे. त्यांच्या वाचनकक्षाला आधी कळवावं लागतं, आजच पत्र टाकतो. ज्या पानावर सगळी नावं नीट वाचता येतील तेच शोधतो.

पऱ्हाटी (शुक्रवार, सकाळी)

ताई, नावं मोठ्यानं वाचून दाखवा. आणि वजनं किलोत करून सांगा. पौंड म्हटलं तर आमच्या बायांना कळायचं नाही, किलो म्हटलं की त्यांची बोटं लगेच सांगतील किती ते.